आईला चक्कर नाही, तोल जातो. बी-१२ आणि नसांच्या गोळ्यांबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी बेळगावजवळच्या येळ्ळूरचा. आईबद्दल विचारायचं आहे. तिचं वय ६६, ११ वर्षांपासून साखर, त्यासाठी मेटफॉर्मिनची गोळी रोज दोन वेळा. ३० वर्षांची माळकरी आहे, त्यामुळे अंडी-मासे-मटण घरात येतच नाही. दूध डेअरीला जातं, तिच्या वाट्याला चहापुरतंच.

मागच्या सुगीत भाताच्या बांधावरून चालताना ती दोनदा खाली गेली. "पाय घसरला," म्हणाली. मग अंथरुणात कूस बदलली की घर गरगर फिरायचं आणि मिनिटभरात थांबायचं. बेळगावात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तिला झटकन आडवं करून मान आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला वळवली. कानातले सुटलेले कण जागेवर जातात म्हणाले. ते गरगरणं त्याच आठवड्यात गेलं. चालताना तोल जाणं मात्र तसंच राहिलं.

इथून पुढं आमचं चुकत गेलं. दुसऱ्या दवाखान्यात डॉक्टर कन्नडमध्ये विचारायचे, "तले सुत्तू?" म्हणजे डोकं फिरतं का? आई म्हणायची, "हौद्री," म्हणजे होय. की चक्करेची गोळी मिळायची. अशी प्रोक्लोरपेराझीन आठ महिने रोज चालू आहे. शेवटी एका रात्री मी तिला जवळ बसवून विचारलं, नेमकं काय होतंय सांग. तर म्हणाली, "डोस्कं न्हाई रे फिरत. पाय कापसावर पडल्यागत होतंय. अंधारात जमीन कुठं हाय तेच कळंना."

मग मी लक्ष ठेवलं. पहाटे धार काढायला जाताना ती गोठ्यापर्यंत भिंत धरून जाते. न्हाणीत तोंडाला साबण लावून डोळे मिटले की पुढं झोकांडते. म्हणून एका हातानं हंड्याचा काठ घट्ट धरायचा आणि दुसऱ्या हातानं तोंड धुवायचं, असं तिचं कित्येक महिने चाललं होतं. आम्हा कुणाला पत्ता नाही. फार वाईट वाटलं.

तपासण्या अशा: बी-१२ १४८ म्हणजे कमी, ड जीवनसत्त्व २२, हिमोग्लोबिन ११.२. रक्तदाब झोपून १३८, उभं राहिल्यावर १३२, म्हणजे उठल्यावर बीपी पडतोय असं नाही. बी-१२ ची पाच इंजेक्शनं झाली, तळपायाच्या मुंग्या थोड्या कमी झाल्या, मग इंजेक्शनं बंद. पण जेवणातून बी-१२ मिळत नाही आणि मेटफॉर्मिनमुळे ते अंगी लागणंही कमी होतं, तर पाचावर कसं भागेल?

आता मला सगळ्यात जास्त काळजी लागली आहे ती गोळ्यांची. तिच्या डब्यातल्या सगळ्या बाटल्या आणि पट्ट्या मी भिंग घेऊन वाचल्या. नसांची गोळी, पुण्याहून पाहुण्यांनी आणलेली ताकदीची गोळी, मेडिकलवाल्यानं दिलेलं मल्टिव्हिटॅमिन. तिन्हींत बी-६ आहे, आणि एकट्या नसांच्या गोळीतच १०० मिलिग्रॅम. बी-६ जास्त प्रमाणात बरेच महिने पोटात गेलं तर त्यानंच पाय बधिर होतात आणि तोल जातो, हे मला माहीतच नव्हतं. पाहुण्यांची आणि मेडिकलची गोळी मी लगेच बंद केली. नसांची डॉक्टरांनी लिहिलेली आहे, ती विचारल्याशिवाय कशी थांबवू?

घरात कुणाला असं झालं असेल तर सांगा. बी-१२ भरून निघाल्यावर पायाखालची जमीन कळायला किती महिने लागले? इंजेक्शन किती दिवसांनी घेत होता, की पुढं गोळीवर भागलं? चक्करेची गोळी इतके महिने घेतली की मेंदू स्वतः तोल सावरायला शिकत नाही, असं एका फिजिओथेरपिस्टनं सांगितलं. ती कुणी सोडवली असेल तर एकदम सोडली की हळूहळू?

आणि तोलाचे व्यायाम मराठीत समजावून करून घेणारं कुणी बेळगाव, खानापूर किंवा निपाणीकडे माहीत आहे का? आईला कन्नड बाजारापुरतं येतं. "डोळे मिटा, टाच उचला, भिंतीला हात लावू नका" हे तिला तिच्या भाषेत कळायला हवं, नाहीतर ती भीतीनं करतच नाही. आषाढीला दिंडीत चालायचं तिच्या मनात आहे. मी अजून हो किंवा नाही काहीच म्हटलेलं नाही.

शनिवारी सकाळी मेंदूविकार तज्ज्ञांकडे नंबर लावला आहे. सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून नेणार आहे. त्यांना आणखी काय विचारावं, तेही शुक्रवारपर्यंत कुणी सांगितलं तर बरं होईल.