उत्तर: दिवाळीच्या डीजेची यादी आणि 'वाय.एम.सी.ए.'

कार्यक्रम समिती, गुरुवार, १७ ऑक्टोबर २०२४

मंडळी, नमस्कार.

काल कोजागरीचं दूध आटवायला जे थांबले त्यांचे आभार. एक मोठं स्टीलचं पातेलं शाळेच्या किचनमध्ये राहिलंय, ज्यांचं असेल त्यांनी सांगा. फिलाडेल्फियाच्या आसपासच्या गावांतल्या आपल्या मराठी मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम शनिवारी, ९ नोव्हेंबरला. नाटुकली, फराळ, जेवण आणि शेवटचा पाऊण तास डीजे. गाण्यांची कच्ची यादी सोबत जोडली आहे, सूचना लवकर कळवा. छोट्या मुलांसाठी 'वाय.एम.सी.ए.' हे जुनं इंग्लिश डिस्को गाणं घेतलंय, हातवारे सगळ्यांना येतात म्हणून.

---

चॅलफाँटकर, १७ ऑक्टोबर

यादी झकास. फक्त ते 'वाय.एम.सी.ए.' काढा.

परवा सोमवारी ओक्सच्या एक्स्पो सेंटरला काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. गर्दीतल्या दोघांना बरं वाटेना म्हणून सभा थांबली, आणि मग प्रश्नोत्तरं राहिली बाजूला, ट्रम्पसाहेब जवळजवळ चाळीस मिनिटं एकामागून एक गाणी लावून डुलत उभे. त्यात हेही होतं. आपला कार्यक्रम राष्ट्राध्यक्षपदाच्या मतदानानंतर चार दिवसांनी आहे. निकाल कुठलाही लागो, आपली पोरं स्टेजवर तेच हात वर करून नाचली की अर्ध्या हॉलच्या घशाखाली चकली उतरायची नाही.

---

किंग ऑफ प्रशियाकर, १८ ऑक्टोबर

म्हणजे आता गाण्यांनाही पक्ष? अहो, १९७८ चं गाणं आहे ते. न्यूयॉर्कच्या डिस्को क्लबांत वाढलं, गे मंडळींनी आपलं मानलं, मग लग्नांत, क्रूझवर, ऑफिसच्या पार्ट्यांत शिरलं. ट्रम्पच्या सभांत ते २०२० पासून वाजतंय, आणि ज्याने ते लिहिलं-गायलं त्या व्हिक्टर विलिसने त्याच वर्षी जूनमध्ये 'माझी गाणी वाजवू नका' म्हणून सांगितलं होतं. एवढी वर्षं ते गाणं सगळ्यांचं होतं, ते चार वर्षांत एका पार्टीच्या नावावर करून द्यायचं?

आणि न्यायच करायचा तर पुरता करा. यादीत सातव्या नंबरला बियॉन्सेचं 'फ्रीडम' आहे, मुलींनी सुचवलेलं. जुलैपासून कमलाबाई हॅरिस त्याच गाण्यावर स्टेजवर येतायत. ते कुणाला टोचलं नाही ते!

---

एक्स्टनकर, २० ऑक्टोबर

'वाय.एम.सी.ए.'ला माझाही विरोध आहे, पण कारण वेगळं. न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर बेसबॉलच्या सामन्यात पाचव्या इनिंगनंतर मैदान सारखं करणारी मंडळी त्याच गाण्यावर नाचतात. काल रात्री हे यांकीज वर्ल्ड सिरीजला, म्हणजे अंतिम फेरीला, पोचले. आपले फिलाडेल्फियाचे फिलीज न्यूयॉर्कच्याच मेट्सकडून मार खाऊन घरी बसलेत. अशा वेळी हे गाणं? मतभेद ट्रम्पवरून चालतील, यांकीजवरून नाही.

---

लॅन्सडेलकर काका, २० ऑक्टोबर

चिरंजीवांनो,

मी १९७४ साली इथल्या ड्रेक्सल विद्यापीठात आलो. रूममेट वेस्ट व्हर्जिनियाचा. त्याच्या खटारा गाडीत एकच रेडिओ स्टेशन लागायचं आणि त्यावर जॉनी कॅश, म्हणजे इथल्या गावरान 'कंट्री' संगीताचा गायक. माझ्या कानात तोवर वसंतराव आणि माणिकबाई. महिनाभर मला ते गाणं वाटलंच नाही, कुणीतरी कुरकुरतंय असं वाटायचं. नंतर वेडच लागलं. आजही गाडीत एक तर मारवा, नाही तर कॅश. त्यामुळे पॉटलकला माझ्या गाडीत बसलेला प्रत्येक जण गृहीत धरतो की काका रिपब्लिकन. मी कुणाला मत देतो ते आमच्या हिलासुद्धा ठाऊक नाही. पण कंट्री आवडते म्हणजे तिकडचा, रॅप आवडतं म्हणजे इकडचा, हा हिशोब कुणी घातला?

१७ एप्रिल १९७० ला निक्सनने कॅशला व्हाइट हाऊसमध्ये गायला बोलावलं. त्यांच्याकडून गेलेल्या फर्माईशीत ही दोन गाणी होती. एक हिप्प्यांची टर उडवणारं मर्ल हॅगार्डचं, दुसरं सरकारी मदतीवर जगणाऱ्या गरिबांची टिंगल करणारं. कॅशने दोन्ही गायली नाहीत. त्याऐवजी प्रश्न विचारणाऱ्या तरुण पोरांची बाजू घेणारं स्वतःचं 'व्हॉट इज ट्रुथ' गायला, आणि तेही राष्ट्राध्यक्ष समोर बसलेले असताना. आता सांगा, तो कुठल्या पार्टीचा?

उलटं उदाहरण देतो. १९६० मध्ये फ्रँक सिनात्राने स्वतःच्याच सिनेमातल्या 'हाय होप्स'चे शब्द बदलून केनेडीचं प्रचारगीत केलं. आपल्याकडे रिक्षावर भोंगा बांधून सिनेमाच्या चालीवर 'ताई, माई, अक्का' करत फिरतात, तोच प्रकार. हाच सिनात्रा वीस वर्षांनी रेगनच्या प्रचारात. आणि १९८४ ला रेगन न्यू जर्सीतल्या हॅमन्टनला, म्हणजे आपल्याकडून अटलांटिक सिटीला जाताना लागतं तिथे, भाषणात म्हणाले की तुमच्या ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या गाण्यांत आशेचा संदेश आहे. त्या वर्षी स्प्रिंगस्टीनचं 'बॉर्न इन द यू.एस.ए.' घराघरात वाजत होतं. ध्रुवपद ऐकलं की छाती फुगते, झेंडा फडकावावासा वाटतो. कडवी ऐकली तर व्हिएतनामहून परतलेला, नोकरी न मिळालेला, कुणी विचारत नसलेला माणूस आहे. स्प्रिंगस्टीन भडकला आणि दोनतीन दिवसांत पिट्सबर्गच्या कार्यक्रमात त्याने ते बोलूनही दाखवलं.

हसू नका. कडवी आपणही ऐकत नाही. 'झिंगाट' लागलं की साखरपुड्यात आजीसुद्धा उठते. ज्या सिनेमात ते आहे, त्याच्या शेवटी त्या दोघांचं काय होतं? लग्नाच्या हॉलमध्ये 'सैराट'मधलं गाणं वाजवणारी जात आपली, आणि रेगनला नावं ठेवायची.

माझं मत: 'वाय.एम.सी.ए.' ठेवा, 'फ्रीडम' ठेवा, आणि माझ्यासाठी एक कॅश घ्या. त्यावर कुणी नाचणार नाही याची मला कल्पना आहे.

---

ब्लू बेलची मुलगी (वय १९), २० ऑक्टोबर

काका, मी नाचेन.

मराठी टाइप करायला वेळ लागतो, सांभाळून घ्या. आम्ही कॉलेजात गाण्यावरून वोट ओळखायचा गेम खेळतो आणि नेहमी चुकतो. माझी रूममेट सिंगर चॅपेल रोनची एवढी फॅन, आणि चॅपेलने सप्टेंबरमध्ये सांगितलं की मी कुणाला एंडॉर्स करणार नाही, म्हणजे जाहीर पाठिंबा देणार नाही. फॅन्सच तिच्यावर तुटून पडले. मग तिने सांगितलं की वोट हॅरिसला देईन, पण एंडॉर्स नाही. तेवढाही फरक लोकांना चालत नाही.

आणि टेलर स्विफ्ट आपल्याच स्टेटची आहे हे कुणी लिहिलंच नाही! वेस्ट रीडिंगला जन्मली. डिबेटच्या रात्री तिने हॅरिसला एंडॉर्स करणारी पोस्ट टाकली, चोवीस तासांत चार लाखांहून जास्त लोक तिच्या लिंकवरून सरकारी वोटिंग साइटवर गेले. आता ते सगळे खरंच वोट करतील का, हे मला माहीत नाही. आई म्हणते, लिंक दाबणं वेगळं आणि रांगेत उभं राहणं वेगळं.

---

किंग ऑफ प्रशियाकर, २१ ऑक्टोबर

काकांचं पत्र आवडलं, पण एक बाजू राहिली. कलाकाराने तोंड उघडलं की किंमत मोजावी लागते, आणि ती मोजायला लावणारे ऐकणारेच असतात. २००३ ला इराकच्या युद्धाआधी डिक्सी चिक्स या टेक्सासच्या कंट्री त्रिकुटाची गायिका लंडनच्या स्टेजवर म्हणाली की राष्ट्राध्यक्ष बुश टेक्सासचे आहेत याची आम्हाला लाज वाटते. झालं, कंट्री स्टेशनांनी त्यांना वाजवणं बंद केलं, लोकांनी सीडी तुडवल्या. यंदा ऑगस्टमध्ये त्याच तिघींनी शिकागोला डेमोक्रॅटिक अधिवेशनात राष्ट्रगीत म्हटलं. मधे एकवीस वर्षं गेली.

म्हणून म्हणतो, काका, कंट्रीला पक्ष नाही हे खरं, पण कंट्री वाजवणाऱ्या स्टेशनला नसतो असं नाही.

---

सचिव, २१ ऑक्टोबर

दोन गोष्टी, समितीतर्फे.

पहिली, आपलं मंडळ ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त सेवाभावी संस्था, आहे. १९५४ पासूनच्या कायद्याने अशा संस्थेला कुठल्याही उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात प्रचार करता येत नाही. गाणं वाजवणं म्हणजे प्रचार नव्हे. पण इथे 'अमुकला मत द्या' असं कुणी लिहिलंत तर ती मेल मी अडवणार, माझ्या नणंदेची असली तरी. मतदार म्हणून नाव नोंदवा असं मात्र सांगता येतं, आणि पेनसिल्व्हेनियात त्याची आज शेवटची तारीख आहे.

दुसरी, टपालाने मत देणाऱ्यांनी मतपत्रिका आधी आतल्या गुप्ततेच्या पाकिटात आणि मग बाहेरच्या पाकिटात घालायची. आतलं पाकीट विसरलात तर मत बाद. बाहेरच्यावर सही आणि तारीख. पाकीट मतदानाच्या दिवशी रात्री आठच्या आत पोचायला हवं, त्या दिवशीचा टपालाचा शिक्का चालत नाही.

---

एक्स्टनकर, २३ ऑक्टोबर

सचिवबाईंना दंडवत. कायद्याचाच विषय निघालाय तर साउंडचं काम करणारा म्हणून थोडं सांगतो. 'कलाकाराने मनाई केली तरी हे लोक गाणी वाजवतात कशी' असं मला दोघांनी फोन करून विचारलं.

हॉलकडे अस्कॅप आणि बी.एम.आय. या गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थांचं सरसकट लायसन्स असतं, त्यात लाखो गाणी येतात. आपण दिवाळीला इंग्लिश गाणी वाजवतो ती त्याच जोरावर. प्रचारमोहिमांसाठी या संस्थांचं वेगळं लायसन्स असतं, आणि त्यातून आपलं गाणं वगळायला गीतकार सांगू शकतो. गेल्या वर्षी आयोवाच्या जत्रेत रिपब्लिकन उमेदवारीसाठी उभे असलेले विवेक रामस्वामी रॅपर एमिनेमचं 'लूज युअरसेल्फ' म्हणाले, तेव्हा एमिनेमने बी.एम.आय.मार्फत पत्र पाठवून थांबवलं. आणि काल डेट्रॉइटला एमिनेमने स्वतः ओबामांची ओळख करून दिली, मग ओबामांनी त्याच गाण्याच्या ओळी म्हटल्या. गाणं तेच!

टीव्हीच्या जाहिरातीत गाणं वापरायचं तर वेगळी परवानगी लागते, सरसकट लायसन्स तिथे कामाचं नाही. २००८ ला रिपब्लिकन उमेदवार मॅकेनच्या बाजूच्या जाहिरातीत गायक जॅक्सन ब्राउनचं गाणं आलं, त्याने कोर्टात खेचलं, आणि पुढच्या वर्षी माफीसकट तडजोड झाली. यंदा सप्टेंबरमध्ये अटलांटाच्या कोर्टाने गीतकार-गायक आयझॅक हेजच्या वारसांच्या अर्जावर ट्रम्प मोहिमेला त्यांचं एक गाणं वाजवायला तात्पुरती बंदी घातली.

आता मला सतावणारी गोष्ट. या राज्याचा निकाल २०१६ ला ४४ हजार मतांनी लागला, २०२० ला ८० हजारांनी. म्हणून आपली भारतीयांची मतं सगळ्यांना हवी आहेत आणि देशी गाणी लावून मागितली जातायत. २०१६ ला 'अब की बार ट्रम्प सरकार'ची घोषणा. २०२० ला बायडनसाठी 'लगान'च्या 'चले चलो'वर व्हिडिओ. यंदा कमलाबाईंसाठी 'नाचो नाचो', म्हणजे तेलुगू 'नाटू नाटू'चं हिंदी रूप, आणि वर ए. आर. रहमानचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम. हिंदी झालं, तेलुगूची चाल झाली, तमिळ माणूस झाला. मराठीत मला अजून कुणी काही ऐकवलेलं नाही. आमची मतं काय फुकट समजता?

---

चॅलफाँटकर, २३ ऑक्टोबर

मराठीत गाणं नसेल, पण डेट्रॉइटहून बेळगावचे श्री ठाणेदार काँग्रेसमध्ये, म्हणजे इथल्या संसदेत, गेलेत की. आणि मराठी प्रचारगीतच हवं असेल तर २० नोव्हेंबरपर्यंत थांबा. महाराष्ट्रातलं मतदान त्या दिवशी आहे. माझ्या मेहुण्याने साताऱ्याहून आत्ताच फॅमिली ग्रुपवर तीन पक्षांची तीन गाणी टाकलीत, तिन्हींत ढोल तेच आणि गायकही बहुधा तोच. अमर शेख, अण्णाभाऊ साठे, गवाणकर यांनी संयुक्त महाराष्ट्रासाठी डफ हातात घेतला तेव्हा गाणं चळवळीसाठी लिहिलं जायचं. तयार हिट उचलून त्यावर नेत्याचं नाव चिकटवायची फॅशन तिकडेही आली आणि इकडे तर आहेच.

'वाय.एम.सी.ए.'बद्दल माझा हट्ट अर्धा सोडतो. ठेवा, पण शेवटचं नको.

---

ब्लू बेलची मुलगी, २६ ऑक्टोबर

काल ह्यूस्टनला हॅरिसच्या सभेला बियॉन्से आली, बोलली आणि न गाताच गेली. माझा भाऊ रात्री उशिरापर्यंत लाइव्ह बघत बसला आणि आता चिडलाय. तोच आपला डीजे आहे, त्यामुळे 'फ्रीडम' कापलं जाण्याचा धोका आहे. मी समजावतेय.

---

लॅन्सडेलकर काका, २९ ऑक्टोबर

काल संध्याकाळी टेम्पल युनिव्हर्सिटीत हॅरिसच्या प्रचारसभेत स्प्रिंगस्टीन ओबामांबरोबर होता. चाळीस वर्षांपूर्वी ज्याला रेगन आपला म्हणत होते, तो. मी गेलो नाही, पार्किंग मिळत नाही तिकडे. नातू गेला होता. घसा बसलाय त्याचा.

---

कार्यक्रम समिती, ३० ऑक्टोबर

यादी अंतिम, आता बदल नाही. 'वाय.एम.सी.ए.' दुसऱ्या नंबरवर, म्हणजे छोटी मुलं पेंगायच्या आत. 'फ्रीडम' सातवंच. टेलर एक. कॅश एक, तेव्हा आइस्क्रीम वाढायला घेऊ. 'झिंगाट' शेवटी, काकांची टिप्पणी वाचूनही. डीजेला सांगितलंय, रॅप असेल तिथे शिव्या काढलेली आवृत्ती लावायची.

पातेलं अजून तिथेच आहे.