अनुभव धागा: डॉक्टरांची पीएचडी अर्धवट का सुटते?

एमडीनंतर नोकरी सांभाळत पीएचडीला नोंदणी केलेले बरेच जण मध्येच नाव काढून घेतात. मार्गदर्शक, संख्याशास्त्र आणि प्रयोगशाळेतली मंडळी, नेमकं कुठे अडतं ते लिहा.

जनवैद्यकशास्त्र विभागातून
बहुतेक वेळा सिनॉप्सिसमध्येच (नोंदणीसाठी दिलेल्या संशोधनाच्या आराखड्यात) गणित फसलेलं असतं. आजाराचं प्रमाण 20 टक्के आणि चालण्याजोगी चूक 5 टक्के धरली, तर 4पीक्यू भागिले डीचा वर्ग या सूत्राने (पी म्हणजे प्रमाण, क्यू म्हणजे 100 वजा पी, डी म्हणजे चूक) 256 रुग्ण लागतात. 10 टक्के गळती धरली की 285. ओपीडीत निकषांत बसणारे आणि संमती देणारे आठवड्याला तीनच मिळत असतील, तर नुसते रुग्ण जमवायला 95 आठवडे! हा भागाकार नोंदणीआधी, ओपीडीचं रजिस्टर समोर ठेवून करा. 'पेशंट भरपूर येतात' यावर विसंबू नका. पुढे 'विद्यार्थी कंटाळला' म्हणतात, ते फार अन्यायाचं आहे.

जीवरसायनशास्त्र
वरचेच 285 नमुने घ्या. एलायझा (रक्तातला ठरावीक घटक मोजायची चाचणी) किट 96 वेल्सचं, म्हणजे 96 छोट्या खळग्यांचं, म्हणून बजेटमध्ये तीन किट लिहिली जातात. लागतात आठ. आठ पातळ्यांचे स्टँडर्ड (तुलनेसाठीचे, प्रमाण माहीत असलेले नमुने; ब्लँक म्हणजे घटक नसलेला धरून) दुबार, म्हणजे प्रत्येकी दोन वेल्समध्ये, लावले की 16 वेल्स गेल्या. उरलेल्या 80 मध्ये दुबार 40 नमुने बसतात. पैसे इथेच संपतात. किट आधी घेऊन ठेवलं तर रुग्ण पूर्ण होईतो त्याची मुदत उलटते. म्हणून सीरम छोट्या वायल्समध्ये वाटून उणे 80 अंशांवर ठेवावं, म्हणजे पुन्हा पुन्हा वितळवावं लागत नाही. किट शेवटी, सगळी एकाच लॉटची मागवावीत. फ्रीझर जनरेटरवर आहे ना, हे मात्र पहिल्याच दिवशी बघा.

एथिक्स कमिटीचं काम बघणारा
क्लिनिकल ट्रायल असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआय (भारतातली क्लिनिकल ट्रायल्सची नोंदवही) नोंदणी हवीच. 1 एप्रिल 2018 पासून मागाहून नोंदणी होत नाही. आधी रुग्ण घेतले तर चांगली जर्नल्स पेपर परत पाठवतात.

पीएचडी मार्गदर्शक
यूजीसीच्या 2022च्या नियमांनुसार निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरलेल्या प्राध्यापकाला नवा विद्यार्थी घेता येत नाही. पण मार्गदर्शकाची मध्येच बदली झाली तर काय? सरकारी महाविद्यालयात सह-मार्गदर्शक सुरुवातीलाच नेमून घ्या. अर्धवेळवाल्यांनी 'ना हरकत' पत्रात कोर्सवर्कसाठी कामातून मोकळीक स्पष्ट लिहून घ्यावी. ते वाक्य नसेल तर ड्युटीचा तक्ताच जिंकतो.