सोसायटीच्या नियमांत 'घाटी' शब्दावर बंदी घालावी का?

पर्वरीकर: गोव्यातल्या आमच्या सोसायटीच्या नियमांचा मसुदा चालू आहे. व्हॉट्सॲप ग्रुपवर 'घाटी' (घाटापलीकडचे), 'भायले' (बाहेरचे) आणि कधी जातिवाचक शब्दही येतात. म्हणून वर्ज्य शब्दांची यादी आणि चुकीला ५०० रुपये दंड, असा प्रस्ताव आहे. याने काही साधेल?

अंत्रुजी: यादी नको. 'घाटी' बंद केलात तर तोच माणूस 'ते पलीकडचे' म्हणेल, सूर तोच. उलट 'महार' किंवा 'वेळीप' जातीच्या दाखल्यावरच छापलेले असते, ते वर्ज्य कसे करणार?

ॲट्रॉसिटी कायद्याच्या (अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार रोखणारा कायदा) कलम ३(१)(आर) आणि (एस)मध्ये अपमान किंवा जातीवरून शिवी लोकांसमक्ष झालेली असावी लागते. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षे. घराच्या चार भिंतींत, बाहेरचे कोणी नसताना बोललेले यात बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटले. जिन्यात किंवा गेटवर चार जणांनी ऐकले तर गोष्ट वेगळी. 'घाटी' ही जात नव्हे, त्यामुळे नुसत्या त्या शब्दावर हा कायदा लागत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ मध्ये जन्मस्थान आणि भाषेवरून तेढ पसरवणे येते, पण रागाच्या भरातल्या एका शब्दावर ते टिकणे कठीण.

कुळागर: खरा भेदभाव ग्रुपवर कमी आणि भाड्याच्या फ्लॅटपाशी जास्त. जातीमुळे जागा नाकारणे १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ४ मध्ये येते, आणि पीडित अनुसूचित जातीचा असेल तर कारण अस्पृश्यता हेच, असे कलम १२ प्रमाणे न्यायालय धरून चालते. उलटे सिद्ध करायचे ते आरोपीने. गावडा, कुणबी, वेळीप २००३ पासून अनुसूचित जमाती आहेत. त्यांना हे गृहीतक मिळत नाही.

"जातीचा दाखला कर्नाटकातला, इथे चालत नाही" असे कोणी सांगितले तर ऐकू नका. ॲट्रॉसिटीचे संरक्षण त्या राज्यापुरते नसते, असा मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाचा २०२३ चा निर्णय आहे, आणि गोवा त्याच न्यायालयाखाली येतो.

दस्तऐवज: तरी ग्रुपवरचे ते मेसेज पुसू नका. जागा का नाकारली, हे दाखवायला तेच कामी येतात. कापलेला स्क्रीनशॉट पाठवतात आणि तिथेच घोळ होतो: नंबर, तारीख, आधीचा संवाद काहीच दिसत नाही. पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करा, फोन फॉरमॅट करू नका, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे प्रमाणपत्र जोडा.

तक्रारीत "जातिवाचक शिवीगाळ केली" एवढेच लिहिले तर केस तिथेच ढिली पडते. शब्द कोंकणीत असेल तर कोंकणीतच, जसाच्या तसा लिहा. वेळ, जागा, कोणी ऐकले तेही. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम १८-अ प्रमाणे एफआयआरआधी प्राथमिक चौकशी लागत नाही. ठाण्यावर तक्रार घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. तपास उपअधीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याचाच हवा; हवालदाराने केला तर बचाव पक्ष नेमके तेच पकडतो.

पर्वरीकर: मग मसुद्यात काय?

कुळागर: लिफ्ट आणि गेट घरकामवाल्यांसकट सगळ्यांना एकच. भाडेकरूच्या ना-हरकत अर्जात जात, धर्म, मूळ गाव हे रकाने नकोत. नकार दिला तर सात दिवसांत कारण लेखी.