मदत हवी आहे: मराठी माध्यमाच्या मुलांना कोणता स्टॉप-मोशन चित्रपट दाखवू?

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या वाचनालयात मुलांसाठी स्टॉप-मोशन, म्हणजे बाहुली जराशी हलवून एकेक फोटो काढत केलेल्या, ॲनिमेशनपटांचे खेळ ठेवणार आहोत. गाव कुडाळजवळचं, मुलं पाचवी ते आठवीची, बहुतेक सगळी मराठी माध्यमाची. इंग्रजी संवाद भराभर यायला लागले की मागच्या रांगेत चुळबुळ सुरू होते, आणि सबटायटल वाचत बसलं तर चित्र बघायचं राहून जातं. त्यामुळे नेटवरच्या नेहमीच्या याद्या फारशा उपयोगी पडत नाहीत.

पहिला खेळ ठरलाय: आर्डमन या ब्रिटिश स्टुडिओचा 'शॉन द शीप मूव्ही' (2015). अख्ख्या चित्रपटात कळेल असं वाक्य कुणी बोलत नाही, माणसंसुद्धा नुसती पुटपुटतात, तरी कुठे काही अडत नाही. स्मृती गेलेला शेतकरी शहरातल्या सलूनमध्ये शिरतो, केस कापायचं मशीन हाती येतं आणि मेंढी भादरावी तसं तो एका बड्या माणसाचं डोकं भादरतो. स्वतःचं नावही आठवत नाही, पण हात मात्र विसरलेला नाही.

अडलंय ते शेवटच्या खेळापाशी. बघून बाहेर पडणाऱ्या मुलाला 'हे हातानं केलंय, मलाही जमेल' असं वाटलं पाहिजे, एवढीच माझी अट. आमच्याकडची मुलं गणपतीच्या शाळेत तासन्‌तास बसून असतात. शाडूच्या गोळ्याची सोंड कशी होते ते त्यांनी जवळून पाहिलंय. म्हणून संगणकावरच्या गुळगुळीत चित्रपटांपेक्षा मातीचे आणि बाहुल्यांचे चित्रपट त्यांना आधी दाखवावेत असं मला मनापासून वाटतं. आर्डमनच्या मातीच्या बाहुल्या नीट बघितल्या तर त्यांच्यावर बोटांचे ठसे दिसतात. मला त्या ठशांचं फार अप्रूप आहे.

'कुबो अँड द टू स्ट्रिंग्ज' (2016) माझा अतिशय लाडका. त्यातला अजस्र सांगाडा ही खरोखरची 16 फुटी बाहुली आहे. पण तो करणाऱ्या लायका स्टुडिओचं काम इतकं सफाईदार असतं की मुलांना ते संगणकाचंच वाटेल अशी भीती वाटते. चेहऱ्याचे भाग थ्रीडी प्रिंटरवर छापतात, भुवयांचा तुकडा वेगळा, तोंडाचा वेगळा. हावभाव बदलला की तुकडा बदलायचा, आणि दोन तुकड्यांमधली फट नंतर संगणकावर पुसून टाकायची. ती फट राहू दिली असती तर मला जास्त आवडलं असतं. 'अनोमलिसा'त (2015) ती मुद्दाम ठेवली आहे, पण तो पूर्णपणे मोठ्यांचा चित्रपट.

'फॅन्टॅस्टिक मिस्टर फॉक्स'मध्ये (2009) हात दिसतो. प्रत्येक फ्रेमला बोटं लागल्यामुळे बाहुल्यांची लव सतत थरथरत असते, आणि वेस अँडरसनने ते लपवलेलं नाही. पण संवादांची नुसती सरबत्ती. 'माय लाइफ ॲज अ झुकिनी' (2016) जेमतेम तासाभराचा, अनाथाश्रमातल्या मुलांचा, आणि या सगळ्यांत मला सर्वांत खरा वाटलेला. मात्र सुरुवातीलाच आईचा मृत्यू आहे, आणि पुढे मुलांच्या तोंडी असे काही विषय येतात की पालक विचारायला येतील. देल तोरोचा 'पिनोकियो' (2022) मुसोलिनीच्या इटलीत घडतो. तो संदर्भ आठवीच्या मुलांना सांगता येईल, पाचवीच्यांना कसा सांगायचा? आणि 'कोरलाइन' (2009)? डोळ्यांच्या जागी बटणं शिवायला निघालेली ती दुसरी आई लहानांना झेपेल का?

दुसरा प्रश्न. खेळानंतर मुलांकडून मोबाइलवर छोटी फिल्म करून घ्यायची आहे. मागे केली तेव्हा उजेड सारखा लुकलुकत होता, आणि मातीची माणसं एका पायावर उभी केली की आडवी व्हायची. शाडू वाळून तडे गेले ते वेगळंच. कुणी केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

पूर्ण लांबीचाच हवा का? नसेल तर 'द राँग ट्राउझर्स' (1993) घ्या, अर्ध्या तासाचा आहे. त्यातल्या ग्रॉमिट या कुत्र्याला तोंडच नाही. कपाळाची माती जरा वर-खाली केली की राग, शंका, कंटाळा सगळं कळतं. त्यातला पेंग्विन त्याहून वरताण. चेहऱ्यावरची रेघ हलत नाही, तरी तो खोलीत आला की अंगावर काटा येतो. जोडीला मुंबईच्या स्टुडिओ ईकसॉरसची 'टोकरी' (2017) दाखवा, दिग्दर्शक सुरेश एरियत. वडिलांचं जपलेलं घड्याळ मुलीच्या हातून मोडतं आणि ती टोपल्या विकायला बाहेर पडते. रस्ता, दुकानं, माणसं, सगळं मुलांच्या ओळखीचं वाटेल.

प्रतिसाद २

'कोरलाइन' पाचवीला नको, आठवीला जरूर. लायकाबद्दल मात्र असहमत. काम सफाईचं आहे म्हणून ते मुलांपासून लांब का ठेवायचं? 'द बॉक्सट्रोल्स' (2014) लावा, आणि शेवटी नावं यायला लागली तरी दिवे लावू नका. दोन पात्रं आपापसात बोलत असतात, की आपल्याला कुणीतरी हलवत असेल का? आणि कॅमेरा मागे मागे येत जातो तसा त्यांना हलवणारा माणूस दिसायला लागतो, बाहुल्यांभोवती भराभर वावरणारा. तुमची अट तिथेच पूर्ण होते. इंग्रजीची अडचण आहे हे खरं. आधी मराठीत गोष्ट सांगून टाका, मुलांना गोष्ट माहीत असली तरी चालते.

आणखी एक. घरच्या ओटीटीवरून वाचनालयात लावणार असाल तर थांबा. ते सदस्यत्व घरगुती वापरापुरतं असतं, सार्वजनिक खेळाला हक्कधारकांची परवानगी लागते. सुट्टी लागायच्या बऱ्याच आधी पत्र पाठवा.

प्रतिसाद ३

लुकलुकण्याचं कारण बहुधा खिडकी आणि मोबाइल दोन्ही. ढग आला-गेला की उजेड बदलतो, आणि मोबाइल आपणहून तो सावरायला जातो. खिडक्या बंद करा, दिवे जागचे हलवू नका, मोबाइलचं एक्स्पोजर (उजेडाची मात्रा) आणि फोकस लॉक करा. बाहुली हलवणाऱ्या मुलाने गडद कपडे घालावेत, पांढऱ्या शर्टाचा उजेड चित्रात उतरतो. मोबाइल ट्रायपॉडवर घट्ट बसवा.

माणसं पडतात त्यावर उपाय: आत ॲल्युमिनियमची तार, खाली जाड थर्माकोल, आणि पायातून आरपार टाचणी. शाडू गणपतीला उत्तम, इथे नको. तेलातली क्ले घ्या, ती वाळत नाही. फक्त दिव्याजवळ मऊ पडते, तेव्हा अधूनमधून थंड होऊ द्या. सेकंदाला 12 फोटो पुरतात. तरी मिनिटाला 720 होतात, म्हणून पहिल्यांदा दहा सेकंदांचीच गोष्ट करायला सांगा.

मुलांना फाळक्यांबद्दलही सांगा. 'राजा हरिश्चंद्र'च्या (1913) आधी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचं रोप कसं वाढतं ते फ्रेम-फ्रेम करून टिपलं होतं, आणि 1915 मध्ये काड्यापेटीतल्या काड्या हलवून 'आगकाड्यांची मौज' केली.

शेवटच्या खेळासाठी माझं मत लोटे रायनिगरच्या 'प्रिन्स आख्मेद'ला (1926). कात्रीनं कापलेल्या आकृत्या, मागून उजेड, एकेक फ्रेम हलवून केलेला अख्खा चित्रपट. मूकपट असल्यामुळे भाषेचा प्रश्नच नाही. मधल्या पाट्यांचा मजकूर कुणीतरी मराठीतून मोठ्यानं वाचायचा. तुमच्या तर पिंगुळी शेजारी आहे. ठाकर कलाकारांच्या चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ आधी आणि हा नंतर, असं ठेवता आलं तर फार चांगलं.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. पिंगुळीचं मला सुचलंच नव्हतं, उद्याच विचारायला जातो. 'प्रिन्स आख्मेद' शेवटी, 'राँग ट्राउझर्स' आणि 'टोकरी' मधल्या दिवशी असं मनात आहे. 'बॉक्सट्रोल्स' आठवीच्या मुलांसाठी वेगळा ठेवतो. परवानगीची पत्रं या आठवड्यात लिहायला घेतोय. पाट्यांचं मराठी भाषांतर मी करीन, पण वाचायला दोन आवाज हवेत, एक गोष्ट सांगणारा आणि एक जादूगाराचा. कुडाळ-सावंतवाडीकडचं कुणी दिवाळीत गावी येणार असेल आणि वाचायला तयार असेल तर इथेच कळवा.