शब्दचर्चा: 'टाकाऊचा पुनर्वापर' की 'परतीचं इथेन'?

प्रश्न (दांडिया बाजार, वडोदरा):
नॅफ्था क्रॅकरवर, म्हणजे खनिज तेलातून निघणारा नॅफ्था तापवून तोडणाऱ्या कारखान्यावर, मराठीत लेख लिहितोय. इथिलीन, प्रोपिलीन हा प्लास्टिकचा कच्चा माल काढून घेतल्यावर उरलेले इथेनसारखे काही हायड्रोकार्बन पुन्हा भट्टीत सोडतात. त्याला 'टाकाऊ पदार्थांचा पुनर्वापर' म्हणावं का?

उत्तर:
दादा, दोन्ही शब्द बदला. एकदा वापरून झालेलं परत वापरलं तर पुनर्वापर. इथं इथेन कुणी वापरलेलंच नसतं. ८००-८५० अंशांच्या भट्टीतून नॅफ्था वाफेसोबत सेकंदाच्या आत बाहेर पडतो आणि इथिलीनबरोबर थोडं इथेनही होतं. पुढे उंच टॉवरमध्ये दोघांची फारकत होते. साध्या दाबाला इथिलीन उणे १०४ अंशांना उकळतं, इथेन उणे ८९ला. म्हणून इथिलीन वरून निघतं, इथेन तळाला राहतं. हे तळचं इथेन स्वतंत्र भट्टीत जातं. एका फेरीत त्यातलं साधारण ६०-६५ टक्केच तुटतं, उरलेलं वेगळं करून परत त्याच भट्टीत. शेवटी त्याचं सुमारे ८० टक्के इथिलीन हाती येतं. नॅफ्थातून जेमतेम ३०. असल्या मालाला टाकाऊ म्हणणं मला तरी सहन होत नाही! कंट्रोल रूममध्ये 'रिसायकल इथेन' म्हणतात. तुम्ही 'परतीचं इथेन' लिहा, परतीचा पाऊस म्हणतो तसं.

आणखी एक उत्तर:
'परतीचं' छानच. 'टाकाऊ'च्या जागी आपल्या गुजराती शेजाऱ्यांचा 'आडपेदाश' घ्या, म्हणजे मुख्य मालासोबत निघणारा दुय्यम माल. आयपीसीएल ही इथली पेट्रोकेमिकल कंपनी १९६९ साली स्थापन झाली, तेव्हापासून या धंद्याची बोली वडोदऱ्यात मराठी-गुजराती मिसळूनच घडली आहे. आडवाट, आडनाव म्हणणाऱ्याला 'आड' काही परका नाही.
मात्र सगळीच आडपेदाश परतीची नसते, हे लेखात आलंच पाहिजे. मिथेन बहुतेक भट्टीखाली जळतो, तो इंधन. रबरासाठी लागणारं ब्युटाडाइन काढून उरलेला सी-फोर (चार कार्बनचे हायड्रोकार्बन) परत घालता येतो, पण आधी हायड्रोजन देऊन त्यातले दुहेरी बंध मोडावे लागतात, नाहीतर भट्टीच्या नळ्यांत कोक, म्हणजे कार्बनचा थर, धरतो. तळाचं जड तेल तर परत घालायचंच नाही.

प्रश्नकर्ता:
मग वाक्य असं करतो: 'इथेन ही आडपेदाश कच्चा माल म्हणून भंजनभट्टीत परत जाते.'

उत्तर:
'भंजन' विश्वकोशी मराठीत रुळलेला आहे, पण पहिल्या उल्लेखाला 'क्रॅकिंग म्हणजे भंजन' असं लिहा. प्लांटवरच्या माणसाला लगेच कळेल.