बॅराकुडा समोर आला तेव्हा… तुमचेही अनुभव लिहा

दांडियाबाजारची लेक
काल भाचीला घेऊन बडोद्याच्या कमाटी बागेत गेले होते. म्युझियममध्ये देवमाशाचा सांगाडा आहे ना, मही नदीच्या मुखाशी वाहून आलेला, त्याच्यासमोरून ती हलेचना. बाहेर आल्यावर विचारते, "मावशी, तू खराखुरा मोठा मासा पाहिलायस?" आणि मला एकदम अंदमानातलं हॅवलॉक बेट आठवलं.

२०१६ साल. लालबागच्या तरणतलावात शिकलेलं पोहणं, तेवढ्या भांडवलावर आम्ही दोघांनी डायव्हिंगचा कोर्स केला. बोटीवर प्रशिक्षकानं सांगितलं, चमकणारं सगळं काढून ठेवा. अंगठी काढली, कानातलं काढलं. मंगळसूत्रावर हात गेला आणि थांबला. सासूबाईंना काय वाटेल, एवढंच डोक्यात. वेटसूटच्या गळ्यात खोचून टाकलं.

पंधरा मीटरवर असताना डावीकडे पाहिलं तर तो. एकटाच. उभा धरला तर माझ्या छातीपर्यंत आला असता. चंदेरी अंग, शेपटीकडे शाईचे थेंब सांडावेत तसे काळे डाग, खालचा जबडा पुढे आलेला, तोंड जरासं उघडं, आणि आत ते दात. कल्ले सोडले तर काही हलत नव्हतं, पाण्यात टांगून ठेवल्यासारखा. प्रशिक्षक माझ्या गळ्याकडे बोट दाखवत होता. खाली पाहते तर दोन्ही वाट्या बाहेर, त्यावर ऊन पडलेलं. मूठ आवळून त्या झाकल्या आणि तशीच पोहत राहिले. तो बराच वेळ बरोबरीनं आला. मग एक झटका, आणि जागा रिकामी. वळताना दिसलाच नाही.

घरी आल्यावर सासूबाईंना भीत भीत सांगितलं. म्हणाल्या, "अगं वेडे, पर्समध्ये ठेवायचंस. मासा का विचारणार होता तुला?"

तुमचे सांगा. पाण्याखालचे, गळाचे, कसलेही.

जहाजी
गळाशी तारेचा लीडर, म्हणजे तारेचा तुकडा, लावला नाही तर बॅराकुडा नायलॉनची दोरी सुतासारखी कापतो. पश्चिम आफ्रिकेला नांगर टाकून उभे होतो, बंदरात जागा नव्हती, आठवडाभर काम कमी. रात्री दिवा सोडून मंडळी गळ टाकायची. पहिले तीन गळ गेले, कुणाला कळेना काय नेतंय. बोसननं, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमानं, चौथ्याला वायर रोप सोडवून तार लावली. वर आला तो बॅराकुडा.

पाण्यातल्यापेक्षा डेकवरचा वाईट, हे लिहून ठेवा. मेला म्हणून आमच्या एका पोरानं गळ काढायला बोटं घातली. मेलेला नव्हता. दोन बोटांना सात टाके, आणि टाके घालणारा मीच, सेकंड ऑफिसर म्हणून औषधांची पेटी माझ्याकडे. हात थरथरत होते माझे. लांब पक्कड वापरा, बाकी काही नाही.

मांडवीतली मनी
बाप रे. सात टाके वाचूनच पोटात गोळा आला. त्या मुलाची बोटं नीट झाली का हो दादा?

जहाजी
झाली. एक थोडं वाकतं कमी. अजून दिवाळीला फोन येतो त्याचा.

विश्वामित्रीकाठी
समुद्र पाहिलाय फक्त दमणचा. पण २०२४ च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा आमच्या सोसायटीच्या जिन्याशी मगर होती. तीपण अशीच, हलत नाही, नुसती बघते. ताई, ते "टांगून ठेवल्यासारखा" वाचलं आणि अंगावर काटा आला. वनखात्याची माणसं येईपर्यंत आम्ही सगळे गच्चीवर.

फिन्सवाला
जॉनीज गॉर्ज नावाची डायव्हिंगची जागा, हॅवलॉकपासून बोटीनं जावं लागतं. मोठा एकटा फिरतो, पण लहान जातीचे थव्यानं असतात. मी खडकाजवळ खाली होतो, वर पाहिलं तर शेकडो मासे गोल फिरतायत, मधून सूर्य. प्रत्येक मासा वळला की चांदीचा पत्रा हलवल्यासारखा उजेड सरकायचा. हवा किती उरली ते बघायचंच विसरलो, बडीनं, म्हणजे जोडीदार डायव्हरनं, खांदा हलवून हवेचा गेज दाखवला. चावण्याच्या घटना फार कमी आहेत, हे नव्यांना सांगायला हवं. गढूळ पाणी, चमकती वस्तू किंवा भाल्यानं मारलेला मासा जवळ असेल तर त्याची चूक होते. त्याला आपण नको असतो, त्याला मासळी हवी असते.

डॉ. रावपुरा
खाण्याबद्दल लिहितो, कारण त्यात जास्त धोका आहे. प्रवाळाच्या भागातला मोठा बॅराकुडा खाऊ नका. शेवाळावर वाढणाऱ्या सूक्ष्म जिवाचं विष लहान माशांतून मोठ्यात साठत जातं, त्याला सिग्वाटेरा म्हणतात. शिजवून जात नाही, बर्फात ठेवून जात नाही, वासाचवीला कळत नाही. कॅरिबियनहून परतलेले एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. उलट्या-जुलाब थांबले होते, पण थंड पाण्याचा पेला धरला की हात भाजल्यासारखा मागे घ्यायचे. ओठांना मुंग्या. जेवलेल्या माशाचं नाव विचारेपर्यंत मलाही उलगडा झाला नव्हता. बरे व्हायला आठवडे गेले. म्हणून परदेशातून आल्यावर असं काही झालं तर डॉक्टरांना आधी काय खाल्लं ते सांगा.

तूतुकुडीची वहिनी
डॉक्टर, आम्ही तर तिकडे ३ वर्षं खाल्ला की! यांची बदली होती. तिथे शीला मीन म्हणतात. हातभर लांबीचेच असायचे, चिंचेच्या कोळात कालवण. शेजारची अक्का मोठा घेऊ द्यायचीच नाही, कारण सांगता यायचं नाही तिला, नुसती मान हलवायची. आज कारण कळलं. फोन करते तिला.

डॉ. रावपुरा
तुमच्या अक्कांना माझा नमस्कार सांगा वहिनी.

मांडवीतली मनी
लेकताई, मंगळसूत्राचं मी सांगू? मी कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला डायव्हिंगला गेले तेव्हा आईनं चार काळे मणी दोऱ्यात ओवून मनगटाला बांधून दिले. सोनं घरी. काळे मणी चमकत नाहीत, मनही शांत राहतं. आणि म्युझियमनंतर सेव उसळ खाल्लीत की नाही? रविवारी गर्दी असते का आता?

दांडियाबाजारची लेक
काळ्या मण्यांचं किती छान गं, मला का नाही सुचलं. खाल्ली, दोन प्लेट. भाची आत्ता मांडीवर बसून वाचून घेतेय सगळं. विचारतेय, देवमाशाच्या सांगाड्याला दात का नव्हते?

फिन्सवाला
निळ्या देवमाशाला दात नसतातच. वरच्या जबड्याला झालरीसारखे पट्टे असतात, पाणी गाळून तो बारीक कोळंबीसारखे जीव खातो. तिला विचारा, पोहायला येतं का?

दांडियाबाजारची लेक
सोमवारपासून लालबाग. सकाळी साडेसहाची बॅच.