कॅम्पमधले ९० आणि उरणारे ५३: राखीव फळी जोखायची कशी?

मांडवीचा_मन्या

राम राम मंडळी. आपल्या बडोद्याच्या एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची लीग) ग्रुपची पैज यंदाही आहेच. कॅम्पला ९० जण असतात, कटच्या दिवशी क्लब ते ५३ वर आणतो. कटच्या आदल्या रात्री आपापल्या संघाचे ५३ लिहून टाकायचे, सगळ्यात जास्त ज्याचे चुकतील त्याच्याकडून सगळ्यांना सेव उसळ.

क्लबच्या वेबसाइटवरचा डेप्थ चार्ट (कोणत्या जागेला पहिला, दुसरा, तिसरा कोण याची यादी) उघडला की टॅकलला चार नावं, कॉर्नरबॅकला (समोरच्या रिसीव्हरला अडवणारा) सहा, रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारे) तर डझनभर. बघून वाटतं, संघ भरलेला आहे. मग ऑक्टोबरात दोन जण जायबंदी झाले की सगळं कोसळतं. रोज बातमी असते की आज अमका चमकला, उद्या तमका, आणि कटच्या दिवशी दोघंही घरी. तर चार्टवर किती विसंबायचं, सरावाच्या बातम्यांतलं काय घ्यायचं नि काय सोडायचं, आणि शेवटच्या आठ-दहा जागा नेमक्या कशावर ठरतात? जाणकारांनी जरा उलगडून सांगा.

अकोटा_५३

मन्या, आधी नावं मोजणं बंद कर. प्रीसीझनमधल्या (हंगामाआधीच्या) त्या चार्टवर बहुतेक क्लब स्वतःच ‘अनधिकृत’ असं छापतात. सामन्याआधी पत्रकारांना काहीतरी द्यायचं असतं, तेवढ्यापुरता तो कागद. मोठ्या खेळाडूचा मान राखायला त्याचं नाव वर, नवख्याला जमिनीवर ठेवायला त्याचं खाली, असंही चालतं.

राखीव फळी जोखायचा माझा प्रश्न एकच. पहिला माणूस पडला तर त्याच्या जागी कोण उभा राहतो, आणि तो उभा राहिल्यावर आणखी किती जागा हलतात? एकच जागा बदलली तर ठीक. एकासाठी दोन-तीन जागा हलवाव्या लागत असतील तर चार्टवर नावं कितीही असोत, संघ आतून पोकळ आहे.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे ७ फेब्रुवारी २०२१ चा सुपर बोल (लीगचा अंतिम सामना), कॅन्सस सिटी विरुद्ध टँपा बे. हल्ल्याच्या लाइनमध्ये मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल; क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला, हे पाच राखतात. कॅन्सस सिटीचा उजवा टॅकल मिचेल श्वार्ट्झ पाठीमुळे ऑक्टोबरपासूनच बाहेर होता. डावा टॅकल एरिक फिशर आधीच्या सामन्यात टाचेमागची अकिलिस शीर तुटून गेला. मग श्वार्ट्झच्या जागी उजवीकडे खेळणाऱ्या माईक रेमर्सला डावीकडे नेलं, उजवा गार्ड अँड्र्यू वायली उजव्या टॅकलला गेला, आणि वायलीच्या जागेवर स्टीफन विस्निएव्स्की. एकट्या फिशरच्या दुखापतीने तीन जागा हलल्या. त्यांचा क्वार्टरबॅक माहोम्स याच्यावर त्या दिवशी २९ वेळा दडपण आलं, तोवरच्या सुपर बोलमधला विक्रम, आणि सामना ते ३१-९ असा हरले. क्लबला हे इतकं झोंबलं की पुढच्या हंगामाच्या पहिल्या सामन्यात लाइनचे पाचही जण नवे होते.

डावीकडून उजवीकडे जाणं वरून दिसतं तेवढं सोपं नाही. डावा टॅकल डावा पाय मागे ठेवून उभा राहतो आणि त्याच पायाने मागे सरकतो. बाजू बदलली की पाय, कंबर, आधी पुढे येणारा हात, सगळंच उलटं. म्हणून कॅम्पमध्ये दुसऱ्या फळीचा टॅकल दोन्ही बाजूंना सराव करतोय का, हे आधी बघ. एकाच बाजूला उभा राहणारा राखीव टॅकल म्हणजे अर्धाच राखीव.

आता आकडे. सामन्याच्या दिवशी ४८ जण पात्र ठेवता येतात, पण त्यात किमान ८ ऑफेन्सिव्ह लाइनचे असतील तरच. नाहीतर ४७. त्यामुळे बहुतेक संघ आठ नेतात. म्हणजे पाच जागांना राखीव फक्त तीन! त्यातला एक दोन्ही बाजूंचा टॅकल हवा, एक गार्ड-सेंटर दोन्ही करणारा. तिसरा उरला तो चैन म्हणायची.

हा गार्ड-सेंटर वाचकांच्या नजरेतून कायम सुटतो. क्वार्टरबॅक शॉटगनमध्ये पाचेक यार्ड मागे उभा असतो. राखीव सेंटरचा चेंडू दर वेळी गुडघ्यापाशी किंवा खांद्याबाहेर गेला तर क्वार्टरबॅकची नजर बचावफळीवरून चेंडूवर येते आणि तेवढ्यात खेळी मेली. शिवाय समोरची रांग वाचून ‘कोण कोणाला अडवणार’ हे बहुतेक संघांत सेंटरच ओरडून सांगतो. म्हणून दुसऱ्या फळीला स्नॅप (खेळी सुरू करताना मागे दिलेला चेंडू) कोण देतो, आणि त्याचे किती स्नॅप खाली पडले, एवढं जरी रोज टिपलंस तरी पैजेत तू ग्रुपच्या पुढे.

नीलाताई_कारेलीबाग

लाइनचं अकोटा_५३ यांनी सांगितलंच आहे. मी बातम्या चाळायचं सांगते, कारण निम्मा घोळ तिथेच होतो.

सुरुवातीचे काही दिवस पॅड नसतात, अंगाला अंग भिडत नाही. त्या दिवसांत लाइनमन, रनिंग बॅक, लाइनबॅकर यांच्याबद्दल आलेलं कौतुक चक्क सोडून द्यायचं. चड्डी-बनियनवर सगळेच चपळ दिसतात. पॅड चढले की मग वही उघडायची.

सेव्हन-ऑन-सेव्हनमध्ये (सात विरुद्ध सातचा सराव) क्वार्टरबॅकवर धावून येणारं कुणी नसतंच. तिथले ‘१५ पैकी १३’ वाचून कुणाला दुसरा क्वार्टरबॅक ठरवू नका. उलट गोष्ट लाइनमन विरुद्ध रशर (क्वार्टरबॅकवर धावून येणारा) या एकास एक सरावाची. तिथे अडवणाऱ्याला शेजारचा गार्ड मदतीला नाही, पळायला जागा मोकळी, म्हणून रशरच जास्त जिंकतो. तिथे हरलेला टॅकल वाईटच असतो असं नाही. मात्र तो दर वेळी एकाच पद्धतीने हरत असेल, म्हणजे छातीवर धक्का बसला की मागेच जातो किंवा आतल्या बाजूने पार होऊ देतो, तर ते टिपा. सामन्यात तेच होणार.

खरं वजन अकरा विरुद्ध अकराला, आणि त्यातही दुसऱ्या क्लबबरोबरच्या संयुक्त सरावाला. तिथे पहिली फळी पहिल्या फळीशी भिडते, परिस्थिती प्रशिक्षक ठरवतात, आणि समोरचे आपले डाव पाठ करून आलेले नसतात. प्रीसीझनच्या तीन सामन्यांपेक्षा मी या संयुक्त सरावाच्या दिवसांना जास्त मानते. सामन्यांत मुख्य खेळाडू जेमतेम हल्ल्याची एखादी फेरी खेळतात किंवा टोपी घालून बाजूला उभे असतात.

सामना बघायचाच असेल (पूर्वेकडे संध्याकाळी ७ म्हणजे आपल्याकडे पहाटे ४:३०, चहा ठेवूनच बसा) तर धावसंख्या बघू नका. कोण कोणत्या क्वार्टरमध्ये आला आणि समोर कोण होतं ते बघा. चौथ्या क्वार्टरमध्ये दोन सॅक घेणारा (क्वार्टरबॅकला चेंडूसकट पाडणारा) बहुधा अशा टॅकलला हरवत असतो ज्याला आठवड्याभरात घरी पाठवणार आहेत. तोच मुलगा दुसऱ्या सामन्यात पहिल्या क्वार्टरमध्ये उतरला तर समजायचं की प्रशिक्षकांना तो पटलाय.

आणि ‘आज पहिल्या फळीसोबत सराव केला’ ही बातमी आली की आधी बघा, त्या जागेवरच्या जुन्याला विश्रांतीचा दिवस होता का. दहापैकी सात वेळा गोष्ट तेवढीच असते, असं माझं मत.

मांडवीचा_मन्या

ताई, अकोटाभाऊ, मस्त. आता अडलंय ते इथे: माझ्याकडे सहावा रिसीव्हर, सहावा कॉर्नर आणि चौथा टाइट एंड (लाइनच्या टोकाला अडवणारा आणि झेलणाराही) असे तिघे, आणि जागा दोनच. तिघंही सरावात बरेच. कुणाला ठेवू?

दांडियाबाजारवाला

तिघांपैकी पंट कव्हरेजमध्ये (पाय मारून चेंडू लांब समोरच्यांकडे दिला की तो पकडणाऱ्याला अडवायला) कोण पळतो? बस, त्याला ठेव.

पंचेचाळीसच्या पुढच्या जागा स्पेशल टीम्स (चेंडूला पाय मारायच्या खेळ्यांच्या तुकड्या) ठरवतात. सहा तुकड्या असतात: किकऑफ, किकऑफ रिटर्न, पंट, पंट रिटर्न, फील्ड गोल आणि तो अडवणारी. पाचवा-सहावा रिसीव्हर हल्ल्यात क्वचितच दिसतो, पण पंटला टोकाला उभा राहून सगळ्यात आधी खाली पोचणारा गनर असेल तर तो सामन्याच्या ४८ मध्येही बसतो. जो यातल्या पहिल्या चारपैकी एकाही तुकडीत नाही त्याला शेवटच्या जागांत धरायचंच नाही, मग त्याने एक हाताने कितीही कॅच घेऊ देत.

किकऑफचं तर २०२४ पासून चित्रच पालटलंय. किक मारणाऱ्या संघाचे दहा जण आता समोरच्यांच्या ४० यार्डवर उभे असतात, मध्ये अंतर कमी, लांब पळत येऊन आदळणं संपलं. २०२५ मध्ये टचबॅक (किक शेवटच्या पट्ट्यात गेली आणि परत आणली नाही तर चेंडू जिथून सुरू होतो ती जागा) ३५ यार्डवर नेला, म्हणून चेंडू मागे मारून मोकळं होणं महाग पडतं आणि रिटर्न वाढतात. त्यामुळे जवळच्या अंतरात अडवू शकणारे टाइट एंड, लाइनबॅकर, सेफ्टी यांना भाव आलाय. तुझा चौथा टाइट एंड तिथे पहिल्या तुकडीत असेल तर त्याला हलक्यात घेऊ नकोस.

लाँग स्नॅपर (पंट आणि फील्ड गोलला चेंडू लांब मागे देणारा) विसरू नका रे. विकेटकीपरसारखं आहे, चेंडू सुटला तरच लोकांना आठवतो. तो, किकर आणि पंटर मिळून तीन जागा आधीच गेलेल्या असतात. म्हणजे खरं गणित ५० चंच.

कॉर्नरबद्दल: चार्ट चार-तीनचा छापलेला असतो, म्हणजे पुढे चार जण आणि त्यांच्यामागे तीन लाइनबॅकर दाखवतात, पण बचावात निम्म्याहून जास्त खेळ्या पाच मागच्या खेळाडूंनिशी होतात. म्हणजे स्लॉटचा (आतल्या बाजूच्या रिसीव्हरला अडवणारा) कॉर्नर हा तिसरा नाही, मुख्यच धरायचा. आता बाहेरचा कॉर्नर पडला तर स्लॉटवाल्याला बाहेर हलवतात का, की बाहेरचाच राखीव येतो? अकोटा म्हणतो ती साखळी इथेही लागू. सहावा कॉर्नर स्लॉट खेळू शकत असेल तर त्याचं पारडं जड.

अकोटा_५३

मन्या, आणखी एक चाळणी लाव. दोघे अगदी सारखे असतील तर ज्याला दुसरा क्लब उचलेल तो ५३ मध्ये राहतो. चार हंगाम न भरलेला खेळाडू सोडला की तो वेव्हरवर (सोडलेल्यांच्या यादीत) जातो, आणि कुणीही दावा करू शकतो. सुरुवातीला दाव्याचा क्रम आदल्या वर्षीच्या कामगिरीच्या उलटा असतो. म्हणून ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) वरच्या फेरीत घेतलेल्या पोराला सहसा कापत नाहीत. ज्याला प्रीसीझनमध्ये फारसं दाखवलंच नाही असा ड्राफ्टबाहेरचा मात्र बिनबोभाट १६ जणांच्या प्रॅक्टिस स्क्वॉडवर (५३ बाहेरचा सरावाचा चमू) जातो. कधीकधी मुद्दामच दाखवत नाहीत.

चार हंगाम भरलेल्याचं उलटं. तो त्या काळात वेव्हरवर न जाता थेट मोकळा होतो. मग क्लब त्याला फोनवर सांगतो, ‘आज सोडतो, उद्या परत घेतो’. तोवर जायबंदी माणसाला ५३ मध्ये धरायचं, दुसऱ्या दिवशी इंज्युअर्ड रिझर्व्हवर (जायबंदींच्या यादीत) टाकायचं आणि त्या जागी सोडलेल्याला परत घ्यायचं. जायबंदी माणूस किमान चार सामने बाहेर, पण हंगामात परत येऊ शकतो. कटच्या आधीच त्या यादीत गेला तर पूर्ण हंगाम गेला. २०२४ पासून कटच्या दिवशी दोघांना परतीची खूण लावून थेट टाकता येतं, पण ते हंगामाच्या आठ परतींतून वजा होतात. पीयूपी यादी (दुखापतीमुळे कॅम्पला खेळूच न शकणाऱ्यांची) वेगळी: कॅम्पमध्ये एकदा जरी सराव केला तर तिथे टाकता येत नाही. कटला तिथेच ठेवलेला माणूस ५३ मध्ये मोजत नाहीत आणि पहिले चार सामने तो नाही.

नीलाताई_कारेलीबाग

प्रॅक्टिस स्क्वॉडला राखीव फळी म्हणताना मात्र हात आखडता घ्या. दर सामन्याला तिथून दोघांना वर आणता येतं, पण एका खेळाडूला हंगामात तीनदाच. चौथ्यांदा हवा तर ५३ मध्ये घ्या, म्हणजे कुणाला तरी सोडा. शिवाय दुसरा क्लब त्याला आपल्या ५३ मध्ये सरळ घेऊ शकतो, तुम्ही बघत बसायचं.

दांडियाबाजारवाला

ताई, तरी किकर आणि तिसरा क्वार्टरबॅक तिथेच ठेवलेला बरा. ५३ मधली जागा कशाला अडवायची?

नीलाताई_कारेलीबाग

किकर चालेल. क्वार्टरबॅकचं नाही पटत. २९ जानेवारी २०२३ आठवा: फिलाडेल्फियात सॅन फ्रान्सिस्कोच्या ब्रॉक पर्डीचं कोपर गेलं, मग जॉश जॉन्सनला डोक्याला मार, आणि पर्डीला तसंच परत उतरावं लागलं, चेंडू लांब फेकता येत नसताना. त्यानंतरच २०२३ मध्ये नियम आला, तेव्हा ५३ मधल्यांपुरताच, की तिसरा क्वार्टरबॅक ४८ मध्ये न मोजता ठेवता येईल, पहिले दोघे खेळूच शकत नसतील तरच तो उतरेल. आणि हा पर्डी स्वतः २०२२ च्या ड्राफ्टचा शेवटचा, २६२ वा, त्याच कॅम्पमधला तिसरा. त्याला वेव्हरवर टाकलं असतं तर?

म्हणून तिसरा तरुण असेल, ड्राफ्टमधला असेल, तर ५३ मध्ये धरा. पस्तिशीचा असेल तर दांडियाबाजारवाले म्हणतात तसं.

अकोटा_५३

पैजेचं एक आधी ठरवून टाका, नाहीतर भांडणं होतील. कट पूर्वेच्या दुपारी ४ ला, म्हणजे आपल्याकडे रात्री १:३०. वेव्हरचे दावे दुसऱ्या दिवशी त्यांच्या दुपारी १२ ला, आपल्या रात्री ९:३० ला. या वीस तासांनंतर यादीत दोन-चार नावं हमखास बदलतात. कोणत्या वेळची यादी खरी धरायची?

मांडवीचा_मन्या

रात्री दीडचीच. ग्रुपवर आत्ता टाकतो. लाँग स्नॅपर लिहायला विसरणाऱ्याची दोन नावं चुकीची धरणार, हा नियमही घालतोय. आणि टाइट एंड आणि कॉर्नर ठेवले, रिसीव्हर गेला. पंटला तो कुठेच नव्हता.